ड्राइव्हवेवरचा उखाणा

नवरा ओळखण्याच्या बाबतीत अख्ख्या कनाटा उपनगरात आपला हात धरणारं कुणी नाही, असं सुरेखाचं ठाम मत होतं. गौरांगीच्या किचनमध्ये तिळाचे लाडू वळता वळता, गरम पाकानं बोटं भाजत असताना, तिनं ते जाहीरही करून टाकलं.

"तुझा शंतनु उठता-बसता 'बेबी, लव्ह यू' म्हणतो ना? म्हणू दे बाई! आमचे हे शब्दसुद्धा काढत नाहीत. पण नुसते शिंकले तरी मला कळतं, शिंक सर्दीची की फोडणीची!"

गौरांगी म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाची सर्वेसर्वा. ती गालातल्या गालात हसली. "ताई, एवढी खात्री बरी नव्हे हं!"

त्या हसण्यावर सुरेखानं तिथल्या तिथे उलटतपासणी घ्यायला हवी होती. पण ती दमलेली होती. दमणं हा तिचा आता स्वभावच झाला होता. पहाटे अंधारात उठायचं, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांची रक्तं काढायची, अंधारातच घरी यायचं आणि स्वयंपाकाला लागायचं. त्यात नोव्हेंबरपासून बर्फ! बर्फ अगदी शैलेंद्रसारखा. चकार शब्द न काढता यायचा आणि घराभोवती साचून राहायचा.

शैलेंद्र टेलिकॉम कंपनीत टेस्ट इंजिनिअर. बायकोच्या आधी उठून तो घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसायचा, तिची गाडी चालू करून गरम करायचा, काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि आत येऊन म्हणायचा, "जा."

त्याचं सगळं प्रेम त्या एका अक्षरात. सुरेखा त्याच्या हातात पोळीभाजी ठेवून म्हणायची, "डबा." तिच्याकडून एक अक्षर जास्त! असा त्यांचा संवाद, आणि संसार बरा चालला होता.

एकच गोष्ट सलायची, तीही अलीकडे. तिच्या नावाचं काय झालं? घरात ती 'अगं'. हॉस्पिटलात 'सू'. मुलगा निमिष हॅलिफॅक्सला शिकायला, त्याच्या फोनवर 'मॉम'. मंडळात 'ताई'. आई होती तोवर फोन उचलला की "सुरेखा, कशी आहेस?" अशी हाक यायची. गेल्या पावसाळ्यात आई गेली आणि ती हाकही गेली. आता पुरं नाव घेणारं एकच उरलं होतं, डेंटिस्टकडची अपॉइंटमेंटची आठवण करून देणारी मशीन. आणि ती मेली 'सुरीका' म्हणायची!

तर बुधवारी काय झालं, कॉफी ब्रेकमध्ये सुरेखा बूट सैल करून बसली होती. फोन टिणटिणला. घराच्या डोअरबेलचा कॅमेरा सांगत होता, दाराशी कुणीतरी आहे. तिनं उघडून पाहिलं. दाराशी शैलेंद्र! त्या आठवड्यात त्याचं वर्क फ्रॉम होम. माकडटोपी घातलेली, हातात फावडं, आणि तोंडानं चक्क काव्य!

"पांढऱ्या शुभ्र बर्फावर कोवळ्या उन्हाची झळाळी,
मृणालिनीचं नाव घेतो संक्रांतीच्या सकाळी!"

सुरेखाच्या हातातली कॉफी हातातच राहिली. मृणालिनी? नाव घेणं म्हणजे काय गंमत आहे? आपल्याकडे ज्याचं त्याचं, हक्काचं माणूस असतं, त्याचंच नाव उखाण्यात घेतात! आणि ओळखीपाळखीत मृणालिनी एकच. मृणालिनीकाकू. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. रिटायर्ड डॉक्टर. दोन्ही गुडघे बदललेले!

'म्हणून हे त्यांचा ड्राइव्हवे साफ करायला जातात होय!' तिच्या मनात आलं, आणि लगेच आपलीच लाज वाटली.

गुरुवारी पुन्हा टिणटिण.

"मेपलच्या फांदीवर बसली काळी खार,
कस्तुरीचं नाव घेतो, उघडा आता दार!"

दुसरी! आणि शुक्रवारी तिसरी.

"आल्याच्या चहाला वास वेलचीचा,
रुचाचं नाव घेतो, मान राखून सर्वांचा!"

'सर्वांचा मान राखतोय मेला! फक्त माझा सोडून!' सुरेखानं कपाळाला हात लावला. संतापावं, रडावं, माहेरी निघून जावं, असं वाटायला हवं होतं. पण संतापायला अंगात जोर लागतो. माहेरी जायला दोन विमानं बदलावी लागतात. तिला आधी आठवला तो स्वयंपाक. तिघी! म्हणजे आणखी तीन पानं! मग दमलेल्या मनानं दुसरी बाजूही मांडून पाहिली. तिघींपैकी एकीनं ग्रोसरी आणली, एकीनं भांडी घासली आणि एकीनं कपड्यांच्या घड्या घातल्या, तर आपल्याला रविवारी झोपायला मिळेल. कल्पना इतकी गोड होती की क्षणभर तिचे डोळेच मिटले.

उघडले तेव्हा पाणी आलं होतं. तीन तीन बायकांची नावं या माणसाला घेता येतात. आपलं एक येत नाही?

आता हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. गौरांगीला! तिनं तिन्ही व्हिडिओ निवडले. व्हॉट्सॲपवर सगळ्यात वर गौरांगीचं नाव दिसलं, तिथे टाकले आणि खाली लिहिलं, "बघ माझ्या नवऱ्याचे प्रताप!"

पण मंडळी, वर दिसलेलं ते नाव ग्रुपमध्ये शेवटचा मेसेज टाकणारीचं होतं! ग्रुप होता 'संक्रांत हळदीकुंकू, समस्त परिवार'. समस्त म्हणजे शहराच्या या टोकाच्या कनाटापासून पार त्या टोकाच्या ऑर्लीन्सपर्यंतचे समस्त! सुरेखाच्या लक्षात आलं तेव्हा घाम फुटला. घाईघाईनं तिनं डिलीट दाबलं. व्हिडिओ गेले. फक्त तिच्या एकटीच्या फोनवरून!

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. टाळ्या वाजवणारे हात आले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे आले. कुणीतरी विचारलं, "ही रुचा म्हणजे बारहेवनची का?" बारहेवनच्या रुचाच्या नवऱ्यानं लिहिलं, "मलाही हेच विचारायचंय."

पहिला फोन खुद्द मृणालिनीकाकूंचा. सुरेखानं श्वास रोखून उचलला.

"काकू, माफ करा हो, हे असे…"

"माफ कसली! अगं, मी पाच वेळा पाहिला! पन्नास वर्षांच्या संसारात आमच्या शशिकांतांनी कधी माझं नाव घेतलं नाही. अजून मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारतात! जसे काही नंबर लावून बसलेत! त्यांना आत्ताच बजावलंय, तो शैलेंद्र बघा, परका असून घेतो!"

मागून शशिकांतकाकांचा आवाज आला, "डॉक्टर, फोन ठेवा आता!"

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या.

दुसरा फोन निमिषचा. आई-बाबा दिवसभर कामावर असतात म्हणून त्यानंच तो कॅमेरा बसवून दिला होता, त्यामुळे त्याच्याही फोनवर सगळं दिसायचं. "मॉम, व्हाय इज डॅड रॅपिंग इन द ड्राइव्हवे? इट्स ॲक्च्युअली गुड!"

"जेवलास का?" सुरेखा म्हणाली.

"येस, मॉम. लव्ह यू, बाय!"

तिसरा फोन गौरांगीचा, रडकुंडीला आलेला. "ताई, सगळं सरप्राईज घालवलंत! या वर्षी उखाणे नवऱ्यांनी घ्यायचेत. सगळ्यांना गुपचूप पाठ करायला सांगितलं होतं हो!"

सुरेखानं हुश्श केलं. प्रकरण नव्हतं, पाठांतर होतं! हुश्श अर्धवट झालं आणि घशातच अडकलं. पाठांतर होतं, तर मग त्यात आपण कुठे होतो?

संध्याकाळी शैलेंद्र टेबलाशी मान खाली घालून बसला. त्यानंही ग्रुप पाहिला होता.

"ही नावं कुणाची?"

"कुणाची नाहीत गं. डमी डेटा! आमच्याकडे टेस्टिंगला खरा डेटा आधी लावत नाहीत. म्हटलं, यमक-ठेका नीट बसतोय का बघू. मृणालिनी चार अक्षरी, कस्तुरी तीन अक्षरी, रुचा दोन अक्षरी…"

"मीही तीन अक्षरी आहे."

शैलेंद्रनं पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"कस्तुरीच्या जागी मी बसले असते की नाही?"

"बसली असतीस."

"मग?"

शैलेंद्रनं भाजीतली मोहरी चमच्यानं एका बाजूला लोटली, मग दुसऱ्या बाजूला लोटली. "प्रयत्न केला. कॅमेऱ्यात दिसलं नसेल, गॅरेजमध्ये केला. तुझं नाव आलं की टेस्ट फेल होते."

"म्हणजे?"

"निघतच नाही तोंडातून. घशात काहीतरी होतं."

"लग्नात घेतलं होतंत की! सगळ्या वऱ्हाडासमोर, खणखणीत!"

"तेव्हा तू माझी कुणी नव्हतीस गं. सोपं होतं!"

सुरेखा पोळी वाढायला आली होती, ती पोळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. माणूस असं काही बोलतो आणि वर पुन्हा मोहरी लोटायला लागतो! याचं करायचं काय?

"उद्या घ्याल ना?" तिनं हळूच विचारलं. "आई गेल्यापासून कुणी…"

शैलेंद्रनं वर पाहिलं. "घेईन! म्हणजे काय! उद्या हॉलचं छप्पर उडालं पाहिजे!"

शनिवारी दुपारी कम्युनिटी सेंटरचा हॉल साड्यांनी आणि ओल्या स्नो बुटांनी भरून गेला. हळदीकुंकू झालं, वाणं लुटून झाली, आणि गौरांगीनं माइक हातात घेतला. शंतनुनं असा सफाईदार उखाणा घेतला की गौरांगीनं त्याला लाजून चापट मारली. मग शशिकांतकाका उठले. ना यमक, ना ठेका. ताठ उभे राहून त्यांनी एवढंच म्हटलं, "मृणालिनी." आणि खाली बसले. टाळ्या थांबेनात. काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला, चष्मा सोडून बरंच काही पुसलं.

मग शैलेंद्र. सुरेखानं पदर सावरला. छातीत धडधडत होतं. या वयात! कुणी पाहिलं तर काय म्हणेल!

"बाहेर साचला बर्फ, आत तेवतो दिवा…"

वा वा! हॉल पुढे सरसावला.

शैलेंद्र थांबला. घसा खाकरला. माइककडे, छताकडे, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"हिचं नाव घेतो, पुन्हा हाच संसार हवा!"

"नाव! नाव!" हॉल ओरडला. "हे चालणार नाही! फाउल!"

त्याला पाणी दिलं. पुन्हा सुरुवात झाली. बर्फ साचला, दिवा तेवला, आणि कपाळावर घाम डवरलेला शैलेंद्र म्हणाला, "निमिषच्या आईचं!"

हॉल हसून हसून आडवा. सुरेखाही हसली. शीर सापडत नाही तेव्हा ती पेशंटकडे बघून जशी हसायची ना, अगदी तशी.

संध्याकाळी परतताना ती पुढे निघाली, निऱ्या स्नो बुटात खोचून, लाडवांचा स्टीलचा डबा छातीशी धरून. बर्फ भुरभुरत होता. मागून शैलेंद्र येत होता. "अगं, थांब! घसरडं आहे! अगं!"

'अगं!' ती मनात म्हणाली आणि पावलं आणखी झपझप टाकली. जाऊ दे. एवढं काय त्यात! गाडी गरम करून देतो, काच खरवडून देतो. नावाचं काय लोणचं घालायचंय? झालं. आता घरी जायचं, साडी सोडायची, डाळ टाकायची, मळलेले टेबलक्लॉथ धुवायला लावायचे…

डाव्या पायाखाली ताज्या बर्फाच्या पोटात गोठलेल्या पाण्याची काच दडली होती. पाय गेला. डबा एकीकडे, लाडू चहूकडे, आणि सुरेखा सपशेल उताणी!

"सुरेखाऽऽऽ!"

यमक नाही, ठेका नाही, माइक नाही. तीनही अक्षरं धडाधड बाहेर पडली. एका पार्क केलेल्या गाडीचा अलार्म वाजायला लागला. हॉलच्या दारातली माणसं आहेत तिथे गोठली.

"सुरेखा! हलू नकोस! सुरेखा, मी आलो!" म्हणत शैलेंद्र धावला, त्याच काचेवर त्याचाही पाय गेला, आणि तो बसल्या बसल्या घसरत नेमका तिच्या शेजारी येऊन थांबला. "लागलं का गं? सुरेखा, बोल ना! बोटं हलव. सुरेखा!"

ती उताणी पडून वर बघत होती. बत्तीच्या उजेडात बर्फाची कुसळं हळूहळू खाली येत होती. त्या गारठ्यात त्याच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक हाकेची वाफ होत होती. तिला आपलं नाव चक्क दिसत होतं. पांढरं, ऊबदार, तिच्या तोंडावर वाकलेलं.

"ॲम्ब्युलन्स बोलावू का?" गौरांगी किंचाळली.

"मागे व्हा सगळे, मी डॉक्टर आहे!" मृणालिनीकाकू काठी टेकत आल्या आणि मोठ्या मुश्किलीनं वाकल्या. "पोरी, कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही हो, काकू," सुरेखा पुटपुटली. "पण लगेच कुणाला सांगू नका ना."

"का गं?"

"नोव्हेंबरपासून आज पहिल्यांदा दिवसाउजेडी… म्हणजे जेवणाआधी पाठ टेकलीय. डाळ टाकायची आहे. कपडे आहेत. आणि हे हाक मारतायत. दोनच मिनिटं, काकू."

काकूंनी एकवार तिच्याकडे पाहिलं, एकवार तिचा हात चोळत बसलेल्या शैलेंद्रकडे पाहिलं. मग त्या सरळ झाल्या आणि पन्नास वर्षांची प्रॅक्टिस आवाजात आणून म्हणाल्या, "पेशंटला कुणीही हलवायचं नाही! एक ब्लँकेट आणा. आणि शैलेंद्र, तू हाक मारत राहा. थांबायचं नाही!"

कुणीतरी गाडीतून रजई आणली. शैलेंद्रनं ती तिच्या हनुवटीपर्यंत ओढली, आपली माकडटोपी तिच्या डोक्याखाली घातली, आणि समस्त परिवारासमोर हाक मारत राहिला.

"सुरेखा… सुरेखा…"

तिसऱ्या हाकेला सुरेखा घोरायला लागली.