भय्यासाहेबांच्या घरचा दरोडा

शालिग्राम मास्तर शाळेतून दमून आले, जोडे काढायला वाकले, तोच शेजारचे भय्यासाहेब दारात उभे. कांचघरच्या त्या गल्लीत इंग्रजी येणारे मास्तर एकटेच. सरकारशी बोलायची पाळी ज्याच्यावर येई, तो त्यांच्या ओट्यावर येऊन बसे.

"मास्तर, आमची चांदीची चहादाणी गेली! चौकीत नवा गोरा साहेब आला आहे, त्याला हिंदी समजत नाही. चोरीला इंग्रजीत काय म्हणतात?"

"थेफ्ट."

भय्यासाहेबांचा चेहरा उतरला. "हे तर कोंबडी उचलल्यासारखं वाटून राहिलं. जरा वजनदार सांगा ना!"

मास्तर दिवसभर वर्गात हेच करून आले होते. तरी त्यांनी सांगितलं. घर फोडलं तर बर्गलरी, धाक दाखवून हिसकावलं तर रॉबरी, किरकोळ काही लांबवलं तर पिल्फरिंग. भय्यासाहेबांना एकही शब्द आपल्या घराण्याच्या तोलाचा वाटेना.

"याहून मोठा नाही?"

"डकॉइटी आहे. दरोडा. पण कायद्यानं त्याला पाच माणसं लागतात."

"पाच तर असतीलच! आमच्या घरात शिरणं एकट्यादुकट्याचं काम आहे काय?"

मास्तरांनी इथे वाद घालायला हवा होता. पण आत चहा निवत होता. "चलो, म्हणा मग डकॉइटी," ते म्हणाले.

चहा घेऊन त्यांनी पाठ टेकली, थोडा डोळा लागला, आणि गल्लीत घोड्यांच्या टापा वाजल्या. बंदूकवाले शिपाई घरोघरी माळे तपासत होते. दरोडेखोर नागपूरकडे पळू नयेत म्हणून तिलवाऱ्याच्या घाटावर नावा अडवल्याची बातमीही आली.

"मास्टरजी, साहब बुला रहे हैं," एक शिपाई दारातून ओरडला.

भय्यासाहेबांच्या अंगणात साहेब खुर्चीवर बसला होता. मास्तर दुभाषी झाले. दरोडेखोर कोणी पाहिले? कोणी नाही. दार फोडलं? नाही. मग ही डकॉइटी कशावरून?

भय्यासाहेबांनी सरळ मास्तरांकडे बोट दाखवलं. "तो शब्द यांचा आहे."

मास्तरांना त्याचं भाषांतर करावंसं वाटेना. तेवढ्यात भय्यासाहेबांच्या पत्नी शरयूबाई पदराखाली गाठोडं घेऊन आल्या आणि बंदुका पाहून दारातच थबकल्या.

"अगोबाई! हे काहून आले?"

"चहादाणी गेली आपली!"

"गेली कुठे? माझ्या हातून पडली, दांडी निघाली. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही. कमानिया गेटच्या सोनाराकडून डाग देऊन आणून राहिले." त्यांनी गाठोडं सोडलं.

साहेब लालबुंद झाला. त्याने चहादाणी उचलून उलटी केली, आणि तिच्या बुडावर कंपनी सरकारच्या पलटणीचा शिक्का निघाला.

"ही तुमच्याकडे कशी?"

पणजोबांनी सीताबर्डीच्या लढाईत गोऱ्यांच्या तंबूतून ती कशी उचलली, हे भय्यासाहेब दर लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगत. आज ते मास्तरांच्या मागे सरकले. "मास्तर, सांगा काहीतरी," ते पुटपुटले, "पण हलका शब्द पाहा जी."

मास्तर खोटं रचायच्याही पलीकडे थकले होते. त्यांनी खरं तेच सांगितलं, फक्त क्रियापदापाशी अडले. थेफ्ट म्हणावं तर पणजोबा चोर, प्लंडर म्हणावं तर भय्यासाहेब आत, आणि लूट हा तर साहेबलोकांनी इथूनच नेलेला शब्द. मग त्यांना आठवलं, लढाईतून असाच माल गोरे घेऊन जातात तेव्हा ते काय म्हणतात.

"प्राइज, सर."

साहेबाने चहादाणी सरळ करून मांडीवर ठेवली. त्याच्या आजोबांनी इकडून नेलेली एक तलवार घरी भिंतीवर आहे, असं तो हळूच म्हणाला. तेही तिला प्राइजच म्हणत. मग त्याने चहादाणी शरयूबाईंच्या हातात दिली आणि शिपायांना घेऊन निघून गेला.

"मास्तर, प्राइज म्हणजे काय हो?"

"बक्षीस," मास्तर म्हणाले आणि घरी जाऊन आडवे झाले.

दिवेलागणीला दार वाजलं. बाहेर भय्यासाहेब पेढे घेऊन उभे, मागे अर्धी गल्ली.

"सरकारनं आपल्याला चहादाणी बक्षीस दिली, ती कशाबद्दल, म्हणून सगळे विचारून राहिले. सभा ठेवली आहे. तुम्ही इंग्रजीत बोला," ते म्हणाले, "पण जरा वजनदार!"