गोलरक्षक मनोऱ्यात

शनिवारी संध्याकाळी सात वाजता व्हॅन अल्स्टन कॉलेजचा आइस हॉकीचा सामना सुरू झाला, तेव्हा कॉलेजचा गोलरक्षक गोलमध्ये नव्हता. छातीला चिलखत, पायांना गाद्या अशा थाटात तो प्रार्थनाघराच्या मनोऱ्यात घंटा वाजवत होता.

त्याला तिथे धाडलं होतं मार्शा ओल्डनबर्ग यांनी. कॉलेजात नियमपालन बघणाऱ्या त्या एकट्याच. अकराशे विद्यार्थ्यांचं हे कॉलेज बाकी सगळे खेळ छोट्या कॉलेजांच्या गटात खेळतं, हॉकी मात्र बड्या विद्यापीठांच्या. छोट्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी. ती बंदी हॉकीतही पाठ सोडत नाही. त्या दिवशीच्या प्रतिस्पर्धी विद्यापीठात अठरा खेळाडू फुकट शिकतात. नियमावलीच्या पहिल्या पानावर ‘सर्वांना समान संधी’ असं छापलं आहे.

गोलरक्षक अ‍ॅन्सेल कायपर गोठ्यावर वाढलेला. घंटा वाजवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एका माजी विद्यार्थिनीने ठेवलेल्या शिष्यवृत्तीवर तो शिकत होता. ती शिष्यवृत्ती गेली की कॉलेज सुटणार आणि पुन्हा धारा काढणं नशिबी येणार. मंगळवारी त्या विद्यापीठाने तक्रार केली, की घंटा हे नुसतं निमित्त आहे, शिष्यवृत्ती खरी खेळासाठीच. सामने भरवणाऱ्या लीगने कळवलं : तो वेळापत्रकाप्रमाणे स्वतः घंटा वाजवतो, हे दाखवा. वेळापत्रकात होतं, शनिवार, सात ते सात-दहा.

"मग आठला वाजवा ना!" प्रशिक्षक पेरो कडाडले.

"खेळाडूसाठी वेळ बदलली, की ती खास सवलत," मार्शाबाई म्हणाल्या.

"दुसरं कुणी वाजवेल."

"मग शिष्यवृत्ती याला कशाची?"

"सामना पुढे ढकला."

"टीव्हीवाले ऐकत नाहीत. तुमचा बदली गोलरक्षक कुठाय?"

"कुबड्यांवर. बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"नियमाच्या. म्हणून तर पोरगं अजून इथं आहे."

अ‍ॅन्सेल मध्येच म्हणाला, "मॅडम, मी पळत येतो. माझे स्केट्स तेवढे दारात ठेवा."

गोल रिकामा ठेवून सहाही जण पुढे खेळले. पहिला टोल पडला आणि पाहुण्यांचे खेळाडू खेळ थांबला समजून जागीच उभे राहिले. रोज घंटा ऐकून कान मेलेल्या व्हॅन अल्स्टनच्या पोरांनी तेवढ्यात गोल ठोकला. मग पाहुण्यांनी रिकाम्या गोलात तीन सोडले. सात-बाराला अ‍ॅन्सेल धापा टाकत आला आणि त्यानंतर त्याने एकही आत जाऊ दिला नाही; पुढे त्याच्या संघाने आणखी तीन ठोकले. चार-तीन. कॉलेज जिंकलं.

सोमवारी नवी तक्रार आली. पाठोपाठ लीगचं पत्र : घंटा मैदानात ऐकू येत असेल, तर पहिला गोल घंटेमुळे झाला, म्हणजे घंटावादन हा खेळाचाच भाग आणि शिष्यवृत्ती खेळाचीच. दारं बंद करून तपासा. गुरुवारी पाचपर्यंत कळवा.

बुधवारी सकाळी अ‍ॅन्सेल मनोऱ्यात चढला. मार्शाबाई आणि पेरो बंद दारांआड बर्फाच्या कडेला उभे राहिले.

"लिहा," पेरो म्हणाले, "काहीसुद्धा ऐकू येत नाही!"

"काय म्हणालात?" मार्शाबाईंनी कानामागे हात धरला. "घंटेत ऐकू आलं नाही."

बुधवारी दुपारपर्यंत लीगला उत्तर गेलेलं नव्हतं.