न फुटणारा जग

दौलतच्या हातचं काही फुटलं, असं मानपाड्यात कोणी म्हणून दाखवावं! प्लॅस्टिकच्या कारखान्यात साच्यावर तोच होता. ऐंशीच्या दिवाळीत त्याने प्लॅस्टिकचा काचेसारखा जग आणि पेले घरी आणले, जग फरशीवर आपटला, आणि जग टुणकन उडाला. त्याच्या बायकोने, हौसाबाईने, लगेच सगळा सेट जुन्या साडीत गुंडाळून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकला. लेकीच्या, मालनच्या रुखवतात मांडायचा म्हणे. मालन तेव्हा बालवाडीत! पण चांगली वस्तू वापरली की खराब होते, यावर आपल्या बायकांची भारी श्रद्धा.

अठ्ठ्याण्णव साली कल्याणचा मुलगा मालनला बघायला आला. पोरीला तो एका नजरेत आवडला. अडचण त्याच्या आईची. गंगुबाई मांजर आडवं गेलं तरी घरी परतणाऱ्या. त्यांच्यापुढे मिरवायला दौलतने नेमका तोच जग पेल्यांसकट खाली काढला.

"आमचा माल. कुठूनही टाका, काही होत नाही."

हौसाबाई डोळ्यांनी नको नको म्हणत होती. दौलतने टाकला. खळ्ळकन तुकडे झाले!

"शुभकार्यात काच फुटली," गंगुबाई म्हणाल्या आणि उठल्याच. मालनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दौलत दारात आडवा आला. काच नाही, प्लॅस्टिक आहे, त्याचा कसला अपशकुन! साच्यात ते घाईत थंड होतं, मग आतले कण वर्षानुवर्षं जागा धरत बसतात, घट्ट होतात. पत्र्याच्या उन्हाने तर आणखी लवकर. मग त्याला मार सोसत नाही, नुसतं ठेवूनच म्हातारं होतं. दोष वयाचा, मुलीच्या नशिबाचा नाही. पटावं म्हणून त्याने एक पेला आपटला. फुटला. दुसरा आपटला, तोही फुटला. दौलतचा चेहरा खुलत चालला आणि हौसाबाईचा उतरत चालला. शेवटच्या पेल्याला तिने त्याचा हातच धरला.

"एवढा तरी राहू द्या हो. लेकीसाठी जपला, घोटभर पाणी नाही प्यायले यातून."

गंगुबाई थबकल्या. मागे फिरून पुन्हा बसल्या, पदराने डोळे टिपले.

"माझ्याही माळ्यावर आहे असलाच सेट, सुनेसाठी ठेवलेला. आज घरी गेले की काढते वापरायला." मग दौलतकडे बघून म्हणाल्या, "फक्त व्याहीबुवांनी त्याला हात लावायचा नाही."