गफूरभाईचं स्लो

इंजिन बंद पडलं की ज्याचा चेहरा खुलतो असा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे गफूरभाई. मेहकरकडून येऊन आमच्या वडनेरला एकटाच राहिलेला माणूस. फवारणीचे पेट्रोलवर चालणारे पंप दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. तुमचा पंप तो खोलेल, कार्बोरेटर फुंकून साफ करेल, दोरी ओढून इंजिन चालू करेल. मग रेसचा दांडा सोडून देईल. इंजिन फटफट करून मरेल आणि हा गृहस्थ फडक्याला हात पुसत म्हणेल, "झालं भाऊ. एक नंबर."

ज्यांनी पंप कधी पाठीवर घेतला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेस सोडल्यावरही इंजिन बंद न पडता हळूहळू चालत राहतं, त्याला 'स्लो' म्हणतात. कार्बोरेटरला त्याचा एक बारकासा स्क्रू असतो. बाकीचे मिस्त्री इंजिन मरू नये म्हणून तो पिळतात, गफूरभाई ते मरावं म्हणून पिळतो. वर दांड्याला पदरची स्प्रिंग बसवतो, म्हणजे दांडा सारखा दाबूनच धरायचा. घाम पुसायला हात काढला की इंजिन ठप्प. मग भरलेला पंप पाठीवरून उतरवा, दोरी ओढा, पुन्हा पाठीवर चढवा. तासाभरात इंजिनापेक्षा माणूस जास्त तापतो.

बीटी कपाशी आली तेव्हा बियाणं विकणारे म्हणाले होते, आता फवारणी विसरा. अळी काही वर्षं थांबलीही. पण तुडतुडे थांबले नाहीत, पांढरी माशी थांबली नाही, आणि मागाहून गुलाबी अळी माहेरी आल्यासारखी मुक्कामाला आली. घरोघरी पंप झाले. मिस्त्र्याची चांदी व्हावी असे दिवस, आणि हा भर हंगामात माशा मारत बसलेला! गिऱ्हाईक नांदुऱ्याला जाऊ लागलं. मी त्याला समजावलं, त्याच्याशी भांडलो, चहा पाजून गोड बोलून पाहिलं. माझं पेट्रोल वाचवायचा विचार आहे का, असंही विचारलं. उत्तर एकच, "आदमी थांबला त मशीननं काऊन चालावं?" पुढं काही विचारलं की पान्हा उचलून दुसऱ्या कामाला लागायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या खरिपात बोंडं धरली, बोंडात अळी दिसली, आणि नेमकं आभाळ भरून यायला लागलं. पाऊस यायच्या आत फवारा उरकला नाही तर पीक अळीच्या घशात जाणार होतं. त्यात सकाळपासून पंप इतक्यांदा बंद पडला की माझं डोकं फिरलं. पंप मोटारसायकलला बांधला आणि सरळ नांदुरा गाठलं. तिथल्या मिस्त्र्याने स्प्रिंग काढून फेकली, स्क्रू जरासा फिरवला, आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरत उभं राहिलं. मला त्या मिस्त्र्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

दुपारपर्यंत अर्धं वावर उरकलं. भुकेने जीव जात होता. पंप कपाशीच्या तासात, दोन ओळींच्या मधे, उतरवला, कौतुकापोटी इंजिन स्लोवर चालूच ठेवलं, हातपाय धुतले आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली भाकर सोडली. तेवढ्यात कपाशी मोडत कोणी तरी आत घुसलं. मला वाटलं रोही आलं, नीलगाय. पाहतो तर गफूरभाई. सायकल रस्त्यात आडवी टाकलेली, पायात चप्पल नाही, आणि तोंडाने "सलीम, सलीम" चाललेलं. माझं नाव त्याला चांगलं ठाऊक होतं. मी हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही. पंपापाशी पोचला, आजूबाजूला वाकून वाकून पाहिलं, आणि मग मी दिसलो.

इंजिन बंद करून तो माझ्याजवळ आला आणि मटकन बसला. इतकी वर्षं मला भाऊ म्हणणारा माणूस म्हणाला, "काऊन बे, तू इथं अन मशीन तिकडं चालू?"

मी त्याला पाणी दिलं. सलीम कोण, ते विचारलं. तांब्या हातात तसाच धरून तो बोलला.

"लहान भाऊ माहा. त्याच्या पंपाचं स्लो म्याच बसवलं होतं, लय झकास बसलं होतं. फवारता फवारता त्याले औषध चढलं, तासातच पडला. मी धुऱ्यावर चहा पेत होतो. मशीन स्लोवर आली, मले वाटलं दम खाऊन राह्यला. पेट्रोल संपून मशीन बंद पडली, तवा उठलो."

मी भाकर तशीच बांधून ठेवली. फार वाईट वाटलं. तो उठला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि माझ्याकडे न बघता पंपाचं स्लो पुन्हा मारून टाकलं. मी त्याला अडवलं नाही.

गिऱ्हाईक काही परत आलं नाही, त्यामुळे गफूरभाईला वेळच वेळ आहे. माझा फवारा असला की आता तो वाऱ्याच्या उलट्या बाजूला धुऱ्यावर येऊन बसतो. इंजिन बंद पडलं की तिकडून विचारतो, "भाऊ, हाय का?" मी म्हणायचं, "हाव." पुन्हा दोरी ओढायची, पुन्हा बंद, पुन्हा "हाय का?" दिवसभर हेच. असा वैताग येतो की सांगता सोय नाही. मागे एकदा रागाने मी मुद्दाम गप्प राहिलो. दुसऱ्याच क्षणी कपाशी मोडल्याचा आवाज आला.

आता मी लगेच ओ देतो.