मखमलीचं वजन आणि माझी कंबर

माणूस असो की मांजर, एका नजरेत जोखण्याची कला मला उपजतच आहे. आमच्या विमा कंपनीत नवे साहेब आले, त्या दिवशीच मी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, "हा माणूस तीन महिने टिकत नाही!" साहेब टिकले. आमचेच आठवड्याचे तीन दिवस टिकले नाहीत. मंदी आली आणि आमच्या पत्रव्यवहार खात्याला सहाऐवजी तीनच दिवस बोलावू लागले. पगारही त्याच हिशेबात आक्रसला. पण एखाददुसऱ्या अपवादाने कलेला बाध येत नाही.

उरलेले दिवस मी घरी असतो. बायको शाळेच्या कचेरीत नोकरीला जाते, मी खिडकीत बसतो आणि जग जोखतो.

आमच्या समोरच्या दारात मास्तर राहतात. शाळेतले नव्हे, शिंपीकाम करणारे. चौकात त्यांचं दुकान होतं. लोक नवे कपडे शिवेनासे झाले, तसं शटर खाली आलं आणि शिलाई मशीन घरात आलं. दुकानाच्या बंद दारावरचा मजकूर मीच लिहून दिला होता : 'सदर दुकान काही कारणाने बंद असून, सबब ग्राहकांनी कामासाठी मास्तरांच्या राहत्या घरी यावे.' आता लोक जुन्या शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला आणि पँटी आत-बाहेर करून घ्यायला येतात. मीही दोन पँटी टाकल्या होत्या, कमरेत चार-चार इंच आत घ्यायला. माझ्या मेहुण्याने दिलेल्या. मेहुणा अंगाने कोठारासारखा आहे. अर्थात पँटी त्याच्या आहेत हे मी मास्तरांना सांगितलं नाही. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस बायकोच्या भावाचे उतरलेले कपडे घालतो, हे कुणी दवंडी पिटून सांगतं का?

मास्तर एकटेच. सोबतीला मांजर, नाव मखमल. शिंप्याचं मांजर, दुसरं नाव काय असणार! करड्या रंगाचं, लांब केसांचं, जिन्यात बसलं तर कुणीतरी लोड विसरून गेलंय असं वाटावं. तिला ओलांडताना आमच्या इमारतीतली माणसं नकळत "जरा येऊ द्या हं" म्हणायची.

तर एका मंगळवारी सकाळी मी दार उघडलं आणि किंचाळलोच. जिन्यात लोडाच्या जागी बाटली धुवायचा ब्रश बसला होता. निम्मी! मखमल निम्मी झाली होती! मान काडीसारखी, पाय चिमट्यासारखे, अंगावर केस म्हणायला नुसती लव. मखमलीचं पार मांजरपाट झालं होतं!

"अगं, मास्तर मांजराला उपाशी ठेवतोय!" मी आत जाऊन जाहीर केलं.

बायको डबा भरत होती. "कशावरून?"

"डोळे आहेत मला!"

"चष्माही आहे. लावलाय का?"

"निम्मं मांजर गायब आहे, त्याला चष्मा कशाला लागतो? धंदा बुडाला, आता त्या मुक्या जिवाच्या पोटावर आलं."

"मग समोरचं दार वाजवा आणि विचारा, 'मास्तर, मांजराला काय झालं?' सहा पावलं आहेत."

मी हसलो. बायकांना माणसाच्या मनाचे कंगोरे कळत नाहीत. "स्वाभिमानी माणूस आहे तो. तोंडावर विचारलं तर दुखावेल. अशी कामं नाजूक हाताने करायची असतात."

नाजूक हाताने मी एक निनावी पत्र लिहिलं. प्राणिमित्र मंडळाला. पत्र लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे ते जरा रंगलं. 'सदर मांजर दिवसेंदिवस क्षीण होत असून, त्याची करुण मुद्रा पाहून दगडालाही पाझर फुटेल. सबब आपण त्वरित लक्ष घालावे.' पेटीत पत्र पडल्याचा आवाज ऐकला आणि एक सत्कृत्य केल्याच्या आनंदात घरी आलो.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. मास्तर! खांद्यावर माप घ्यायची टेप, हातात झाकलेलं पातेलं.

"साहेब, दूधवाल्याने आज चुकून जास्त घातलं. नासून जाईल हो. घ्या."

"अहो पण मखमलीला..."

"तिचं झालं, तिचं झालं." मास्तरांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. नजर कमरेपाशी थोडी थांबली. मग ते घाईने आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी पातेलं हातात घेऊन उभा. मग माझ्या लक्षात सगळं आलं, एका नजरेत! हा मानी माणूस आहे. घरात ओढाताण आहे हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून मांजराच्या तोंडचं दूध वाटत सुटलाय. केवढी ही प्रतिष्ठेची हौस! मनातल्या मनात मी मास्तरांना मुजरा केला. दूध परत करावं तर ते दुखावणार. प्यावं तर मांजराचा शाप. तेव्हा मी ते गॅलरीत बशीत ओतलं आणि मखमलीला हलकेच हाक मारली. ती कठड्यावरून आली आणि वसुलीला आल्यासारखी बसली. पाच मिनिटांत पातेलं चाटूनपुसून लख्ख! ते मी तसंच धुवून परत नेऊन दिलं.

मास्तर रिकाम्या पातेल्याकडे बघतच राहिले. "इतक्यात संपलं?"

"हो. फार छान होतं."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कांदा चिरत असतील.

शुक्रवारी पुन्हा दूधवाला चुकला. शनिवारी चुकला. सोमवारी दोन उकडलेली अंडीही चुकून जास्त झाली. असा चुकणारा दूधवाला मी जन्मात पाहिला नव्हता. मी रोज सगळं गॅलरीत नेत होतो आणि वर आमच्या घरचं वाटीभर घालत होतो. बायको म्हणायची, "आपण चहा पातळ पितो आणि तुम्ही मांजराला साय चारता!" पण गुण येत होता. दोन आठवड्यांत मखमलीच्या मानेला आकार आला, अंगावर केस आले. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लोड झाला.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "एक जीव वाचवला मी. मास्तरला पत्तासुद्धा नाही."

"आणि ते पत्र?"

पत्र! ते मी साफ विसरलो होतो.

सरकारी असो वा खासगी, कुठल्याही कचेरीत पत्र मुरावं लागतं. माझं पत्र बरोबर तीन आठवडे मुरलं आणि रविवारी सकाळी जिना चढून वर आलं. सोबत मंडळाच्या एक बाई, जनावरांचे डॉक्टर, एक ताणकाटा आणि एक पिंजरा.

बाईंनी समोरचं दार वाजवलं. मी माझं दार हळूच लावून घेत होतो, तर बायकोने मागून पाय घातला. "उघडं असू द्या. एवढं छान पत्र लिहिलंत, ऐका तरी."

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे," बाई मास्तरांना म्हणाल्या. "मांजराची उपासमार. खरं निघालं तर आम्हाला ते घेऊन जावं लागेल."

मास्तर एकदम लहान झाले. "घेऊन जाणार? मखमलीला?" टेपची दोन्ही टोकं त्यांनी मुठीत धरली. "अहो बाई, आमच्या हिने आणली होती ती, ओंजळीत मावायची. ही गेली. दुकान गेलं. आता सकाळी माझ्या छातीवर चढून 'ऊठ' म्हणणारं घरात दुसरं कोण आहे? ती नसेल तर मी उठू कशाला?"

मला त्या ताणकाट्याला आपण स्वतः लटकावं असं वाटू लागलं.

बाईंनी खाकरून पत्र वाचायला घेतलं. "सदर मांजर दिवसेंदिवस क्षीण होत असून..." मास्तर ऐकत होते. "...सबब आपण त्वरित..."

'सबब' आला आणि मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आख्ख्या वस्तीत 'सबब' वापरणारा एकच इसम आहे आणि त्याने लिहिलेला मजकूर अजून चौकातल्या शटरवर लटकतोय.

"मी... म्हणजे... सदर..." मी म्हणालो.

"आधी वजन," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मखमलीला पिशवीत घातलं, पिशवी ताणकाट्याला अडकवली. काटा सर्रकन खाली गेला आणि डॉक्टरांचा हातही.

"हे उपाशी मांजर आहे?" डॉक्टर कण्हले. "अहो, हे पाऊण मांजर जास्त आहे! जिना कसं चढतं?"

"पण तीन आठवड्यांपूर्वी ती निम्मी होती!" मी ओरडलो. "मी डोळ्यांनी पाहिलं!"

"केस कापले होते मी तिचे," मास्तर म्हणाले. "गाठी झाल्या होत्या. पूर्वी कापणाऱ्याकडे न्यायचो, आता परवडत नाही. म्हटलं, कात्री तर घरचीच आहे, आणि तिलाही काम नाही."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. छताकडे बघत होती. पण तिचे खांदे हलत होते.

"खाणं काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन्ही वेळ पोटभर. नुसतं दूध तेवढं बंद केलंय, तीन आठवडे झाले. तिचंही आणि माझंही. ते..." मास्तर घुटमळले. "ते साहेबांकडे देतो."

"आमच्याकडे? का?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी आवाज खाली आणला. "वहिनी, वाईट मानू नका. चार इंच! साहेबांची कंबर एकदम चार इंच उतरली, दोन्ही पँटींत! तीस वर्षं मापं घेतोय, आजाराशिवाय किंवा उपासाशिवाय अशी कंबर उतरत नाही. वाटलं, साहेबांची नोकरी अर्धी झाली, घरात खायचे वांधे झाले असतील. तोंडावर कसं विचारणार? स्वाभिमानी माणूस! दूध दिलं तर पाच मिनिटांत पातेलं चाटूनपुसून परत. म्हटलं, आता अंडीही द्यायला हवीत."

"मास्तर, त्या पँटी माझ्या भावाच्या आहेत!" बायको म्हणाली. आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून इतकी हसली, की खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले.

"मग दूध कुणी प्यायलं?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी पिशवीकडे पाहिलं. पिशवीने जांभई दिली.

डॉक्टर मात्र हसत नव्हते. ते मास्तरांकडे निरखून बघत होते. "आणि तुम्ही तीन आठवडे काय पिताय?"

"कोरा चहा. बरा लागतो, सवय झाली की."

तेव्हा कुठे मी पाहिलं. म्हणजे पहिल्यांदाच. मास्तरांची पँट कमरेला सेफ्टी पिनेने आवळलेली होती. दोन पिना. गावाच्या पँटी आत घेणारा माणूस, पण स्वतःच्या पँटीला टाका घातला नव्हता. त्याच पिना लावून तो रोज माझ्या दारात पातेलं घेऊन उभा राहत होता आणि माझ्या कमरेची काळजी करत होता. आणि मी, एका नजरेत जोखणारा, त्यातून फक्त मांजर बघत होतो.

मंडळाच्या बाईंनी पिंजरा मिटला. वहीत लिहिलं : 'मांजर सुस्थितीत. जरुरीपेक्षा अधिक. शेजाऱ्यांना समज दिली.' डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली : 'मांजराला दूध पूर्ण बंद. ते मालकाने प्यावे.'

ते गेल्यावर मी मास्तरांपुढे उभा राहिलो. पंचवीस वर्षं पत्रं लिहिली, पण एक वाक्य जुळेना.

"मास्तर, मी... माफ करा."

"पत्र झकास होतं साहेब," मास्तर म्हणाले. "'सबब'ने वजन येतं. मखमलीसारखं."

तेव्हापासून दुपारी चारला मास्तर आमच्याकडे चहाला येतात. एकटे दूध प्यायला तयार नाहीत. "तुम्ही प्याल तर मी पितो," म्हणतात. त्यामुळे मलाही पेलाभर प्यावं लागतं. बायको रोज मास्तरांच्या पिना मोजते. गेल्या आठवड्यात दोनाची एक झाली. मखमल उंबऱ्यावर बसून आम्हा दोघांकडे मंडळाच्या बाईंसारखी बघते.

परवा मी मेहुण्याची पँट घेऊन मास्तरांकडे गेलो.

"मास्तर, जरा आवळतेय."

मास्तरांनी पँट उलटी केली. शिवणीच्या आत चार इंच कापड जसंच्या तसं दुमडून, टाचून ठेवलेलं होतं. कात्री लागलेली नव्हती.

"कापलं नाहीत?"

"कसं कापणार साहेब? कंबर उतरली तशी भरणारच. दिवस काय असेच राहतात?" त्यांनी टेप माझ्या कमरेभोवती गुंडाळली, आकडा पाहिला, आणि शिंप्याच्या सभ्यपणाने तो मोठ्याने सांगितला नाही. "दोन इंच सोडतो. दोन पुढे लागतील."

पायाशी मखमल बसली होती. तिने मान वर केली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. एका नजरेत.