येसराच्या पाकिटावरचा अंगठा

तुम्हाला म्हणून सांगतो, पाकीट कसं असावं हे अख्ख्या नवी मुंबईत माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! निदान त्या शनिवारपर्यंत माझी तशी पक्की समजूत होती.

माझ्या सासूबाई केशरबाई मूळच्या परभणीकडच्या, आता आमच्याच इमारतीत तळमजल्यावर. त्यांचा येसर म्हणजे भाजून दळलेला मसाला. आमटीत दोन चमचे पडला की कोपरखैरण्यात आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना भूक लागते. वीस वर्षं त्यांनी तो डब्यांतून शेजारीपाजारी वाटला. आता एपीएमसी बाजारातले दुकानदार दिनानाथशेठ म्हणाले होते, "शनिवारी पाकिटं आणा. बरी दिसली तर पुढच्या फळीवर ठेवतो." तेव्हापासून सासूबाईंना घास गोड लागेना.

"आई, टेन्शन घ्यायचं नाही!" मी गरजलो. "डिझाइन मी करतो!"

मी नऊ चित्रकार निवडून त्यांची चित्रं भिंतीवर लावली. कोणाची केसासारखी बारीक रेघ, कोणाचे जाडजूड रंगीत ठोकळे, कोणाची करड्या रंगातली लांब मानेची माणसं. एकेकाची शैली घोटून मी चार नमुने केले आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ग्रुपमध्ये आम्ही तिघंच: मी, सासूबाई आणि तुर्भ्याचा छपाईवाला कृष्णात.

लांब मानेची बाई बघून सासूबाईंचा लगेच फोन.

"जयभीम, जावईबापू! या बाईला रगत कमी हाय का?"

"आई, ती शैली आहे!"

"आसंल. पर तिला आदी जेवाय घाला."

मी मागे हटणाऱ्यातला नाही! कृष्णातला बजावलं, "कोणाचं काही ऐकायचं नाही. ग्रुपवर ज्या चित्राला मी अंगठा देईन, तेच छापायचं!"

"बरं सायेब," कृष्णात म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का.

गुरुवारी सकाळी मी पाचव्या नमुन्याशी झुंजत होतो. तेवढ्यात माझी बायको सोनम कडाडली, "आईचा फोन होता. तिने ग्रुपवर मेसेज टाकलाय. दोन तास झाले, साधं उत्तर नाही तुझं! ती वाट बघत बसते रे!" मी न बघताच अंगठा दिला.

शुक्रवारी संध्याकाळी कृष्णात पाकिटांचा खोका घेऊन घरी आला. उघडला. दोन टपोरे गुलाब, वाफाळता चहा, कोपऱ्यात एक पोपट आणि वर मोठ्या अक्षरांत 'शुभ सकाळ'! खाली 'केशरबाईंचा येसर'. अशी दोनशे पाकिटं!

"कृष्णात! हे काय छापलंस?"

"तुमचाच अंगठा की, सायेब! नाव ऱ्हायलं हुतं, ते मी घातलं."

मी खोका परत बंद करायला गेलो. पण सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं, पदराने पुसलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझीच फुलं घेतली व्हय, जावईबापू?" आता खरं कोण सांगणार? रात्रीच्या आत आम्ही सगळी पाकिटं भरून टाकली.

शनिवारी सासूबाईंना घेऊन मी ठरवूनच गेलो होतो: शेठना आधी वास द्यायचा, पाकीट नंतर दाखवायचं! मी पाकिटं पाठीमागे धरून चमचाभर येसर पुढे केला. तेवढ्यात शेजारी उभ्या एका गिऱ्हाईक बाईंनी मागून एक पाकीट ओढलं.

"अगंबाई! हे तर आमच्या मावशीच्या रोजच्या मेसेजमधले गुलाब! द्या दोन."

दिनानाथशेठनी बाईंकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं आणि पुढची फळी रिकामी करायला घेतली. "चित्रकार हुशार आहे हो तुमचा! पुढच्या खेपेला कमळ येऊ द्या."

सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

आता भिंतीवरचे नऊही चित्रकार मी उतरवलेत. रोज सकाळी सहाला उठून सासूबाईंच्या मेसेजचा अभ्यास करतो. पण ही शैली भलतीच अवघड हो! काल मोठ्या जिद्दीने माझं पहिलं कमळ ग्रुपवर टाकलं. पाचव्या मिनिटाला फोन.

"जावईबापू, या कमळालाबी रगत कमी हाय!"