खेमाजी नाइकाचे दमदगड

श्रीमार्गेश्वराचे पायी मस्तक ठेवोन आणि ज्यांचे पायांनी वाटा पडल्या त्या जासुदांस स्मरोन हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरी, राज्यात ड्रोन नामे उडती यंत्रे आली आणि सरकारांनी जासूदखाना बंद केला, मग तीस वर्षे गडावर टपाल व औषध पावते करणारा खेमाजी नाईक घरी बसला. गुडघा गेला होता, परंतु मन रोज गड चढत होते. पूर्वी तो आणि जोडीदार धाकोजी ऐसे दोघे निघत, एक भाकर दोघे खात, आणि जेथे दम लागे तेथे वाटेकडेच्या राशीवर एक दगड ठेवोन पुढे जात. दम न लागल्यास ठेवू नये, ऐसा जासुदांचा कडक रिवाज. धाकोजी मोठा लबाड, धापा लपवी, आणि खेमाजी त्याचे पोटावर हात ठेवोन चोरी पकडी. काय ते दिवस होते! धाकोजी वारल्यास सहा वर्षे जाहली, तरी खेमाजी भाकर मोडताना अर्धी बाजूस ठेवीत असे.

तो कार्तिकात एके सकाळी गडावरून पायथ्याचे कचेरीत फोन आला की, खेमाजीची धाकटी बहीण गोदाई इजला गवत कापताना फुरसे चावले, गडावर विषावरची लस नाही, आणि वैद्य म्हणतात दिवस मावळण्याआधी लस पाहिजे. सरकारांच्या मुख्य गणिती भागीरथीबाई यांनी नकाशावर सरळ रेघ ओढोन ड्रोन सोडिला, आणि तो समोरच्या वाऱ्याशी झुंजता झुंजता बॅटरी संपोन दरीत पडला. मग एकच ड्रोन आणि लसीची एकच पेटी उरली. खेमाजी काठी टेकीत कचेरीत आला.

"बाईसाहेब, डोंगराच्या सोंडेवरनं सरळ धाडलंत व्हय? तिथं माणसाएवढी रास हाय दगडांची!"

"नाईकबाबा, त्या राशी आम्ही नकाशात देवस्थाने म्हणोन मांडिल्या."

"देव कुठला! दम हाय त्यो आमचा. रास मोठी, तिथं वाट दम खाती. म्हशीच्या खिंडीनं घाला. लांब पडंल, पर राशी गुडघ्याएवढ्याच. आन् खिंडीत बसवा त्याला. उन्हं कलली की वारा खालनं वर चढतो, मग उठवा."

बाई शरमल्या, परंतु हटवादी नव्हत्या. ड्रोनाने पूर्वी काढिलेल्या चित्रांवरून राशी मोजोन टप्प्याटप्प्याचा बॅटरीचा खर्च मांडिला, तो लांबची वाटच स्वस्त निघाली. ड्रोन खिंडीत जाऊन राशीवर बसला आणि पंखे थांबले. ऊन कलू लागले, कचेरी घाबरी जाहली, जो तो "उठवा, उठवा" म्हणो लागला. बहीण खेमाजीची, तरी तोच म्हणाला, "अजून न्हाई." धाकोजी जवळ पाहिजे होता, ऐसे त्यास फार वाटले. मग ड्रोन धाडीत होता त्या चित्रात राशीकडेचे गवत वरच्या अंगास कलले.

"आता!"

ड्रोन उठला, वाऱ्याने पाठबळ दिले, आणि गडावर उतरला तेव्हा बॅटरीत शंभरी चार भाग उरले होते. गोदाई वाचली.

पंधरा दिवसांनी खेमाजी डोलीत बसोन खिंडीत गेला आणि राशीवर एक दगड ठेविला. भागीरथीबाई सोबत होत्या. म्हणाल्या, "बाबा, आपण तर डोलीत आलात, दम कोणास लागला?"

"त्या यंत्राला लागला न्हवं का? त्याला हात न्हाईत."

येणेप्रमाणे यंत्रास जासुदांचे पंक्तीस घेतले, आणि जासूदखाना बंद जाहल्यापासोन थांबलेली रास एका दगडाने वाढली.